कमिटीला खुलं पत्र: मागचा मुरूम तेवढा राहू द्या

प्रति,
चेअरमन साहेब, सेक्रेटरी मॅडम, खजिनदार आणि मॅनेजिंग कमिटीतले सगळे मेंबर

विषय: मागच्या मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉक न टाकण्याबद्दल आणि लिफ्टमधल्या नोटिशीबद्दल

स.न.वि.वि.

गेल्या सोमवारी तिन्ही विंगच्या लिफ्टमध्ये नोटीस लागली. "मागील मोकळ्या जागेत सायकल चालवण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून." सक्त या शब्दाखाली दोन रेघा. आणि त्याच जागेत पार्किंगसाठी पेव्हर ब्लॉक टाकायचं चाललंय. बी विंगच्या लिफ्टमधल्या नोटिशीखाली कोणीतरी पेन्सिलीने "का?" लिहिलंय, अक्षर बघून तिसरी-चौथीतलं पोरगं वाटतं, आणि ते पुसायला वॉचमनला सांगितलंय असं कळलं. पुसू नका. प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर द्यायचं तर कमिटीने द्यावं, खोडरबराने नको.

हे सगळं मी वार्षिक सभेत बोलणार होतो. पण आपल्याकडे असले मुद्दे "अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय" मध्ये येतात, आणि तोपर्यंत लोकांना बटाटेवड्याचा वास आलेला असतो. मी उभा राहिलो, दीड वाक्य बोललो, कोणीतरी म्हणालं काका तुमचं लेखी द्या. म्हणून लेखी देतोय. लांब आहे. वडा खात खात वाचा.

तुम्ही मला ओळखता ते ड्रेनेज लाईनची तक्रार करणारे बी विंगमधले काका म्हणून. ते बरोबरच आहे, लाईन अजून तुंबते. पण वयाच्या चोविसाव्या वर्षी मी ब्रेक नसलेल्या सायकलवर रेस खेळायचो हे माझ्या बायकोला सोडून या सोसायटीत कोणाला माहीत नाही, आणि तिलाही लग्नानंतर चार वर्षांनी कळलं, खांद्याजवळचं वर आलेलं हाड कशामुळे हे तिने विचारलं तेव्हा. सासूबाईंना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आधी सायकलचं वेड कुठून आलं ते सांगतो. मी चिंचवडचा. लहानपणी घरची सायकल नव्हती, तासाच्या भाड्याने मिळायची, आणि ती पण मोठ्यांची, मग नळीतून पाय घालून वाकडं होऊन चालवायची. एक तास संपला की दुकानदाराकडे पोचायच्या आधी साखळीला तेल लागलेली चड्डी आईपासून लपवायची. गणपतीत मंडळाची स्लो सायकल व्हायची, जो सगळ्यात शेवटी पोचेल आणि पाय टेकवणार नाही तो जिंकला, त्यात माझा एक स्टीलचा पेला आहे, अजून घरात आहे, बायको त्यात चमचे ठेवते. आणि मुंबई-पुणे सायकल रेस असायची तेव्हा आम्ही जुन्या हायवेच्या कडेला सकाळपासून बसायचो. बोरघाट चढून आलेली ती माणसं आमच्यासमोरून दहा सेकंदांत निघून जायची, घामाने पाठीला चिकटलेले बनियन, आणि कोणीतरी ओरडायचं तो बघ, तो घाटाचा राजा, आणि आम्ही सगळे वेगवेगळ्या माणसाकडे बघायचो. खोपोली ते खंडाळा चढात जो पहिला, तो घाटाचा राजा. आपण कधी त्यातले होणार नाही हे तेव्हाच माहीत होतं. माझे पाय त्या जातीचे नाहीत. माझं आपलं मैदानात गोल फिरणं, वळणावर चाक घसरवणं आणि गुडघे सोलून घेणं.

तर १९८३ साली कंपनीने ट्रेनिंगला इंग्लंडला पाठवलं, कॉव्हेंट्रीला, मशीन टूलच्या कारखान्यात. साधारण सव्वा वर्ष. नव्हेंबरात पोचलो, दुपारी चार वाजता अंधार, भाड्याच्या खोलीत हीटरला नाण्यांचा मीटर, नाणं टाकलं की उष्णता, संपलं की रजईत. रविवारी तर गाव मेल्यासारखं. दुकानं बंद, कारखाने तर त्या काळात एकेक करून कायमचेच बंद होत होते, लोकांच्या तोंडावर ते दिसायचं.

पण कॉव्हेंट्री हे सायकलवाल्यांचं गाव, हे मला जायच्या आधी माहीत नव्हतं. आज तुमच्या पार्किंगमध्ये ज्या सायकली उभ्या आहेत, दोन जवळजवळ सारखी चाकं, मधे पायडल आणि मागच्या चाकाला साखळी, हा साचा जॉन केम्प स्टार्लीने १८८५ मध्ये याच गावात बाजारात आणला, रोव्हर नावाने. त्याच्या आधी पुढे भलंमोठं चाक नि मागे चिंगळं असायचं, पडलं की तोंडावरच. म्हणजे आपल्या भाड्याच्या सायकलची पणजी त्या गावची. मला हे कळलं तेव्हा उगाच घरच्यासारखं वाटलं.

दुसरी गोष्ट म्हणजे बॉम्ब. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी ते गाव जवळजवळ अकरा तास भाजून काढलं. पाचशेच्या वर माणसं गेली, चार हजारांवर घरं जमीनदोस्त. जुनं कॅथीड्रल, म्हणजे गावाचं मोठं चर्च, जळालं, फक्त भिंती आणि मनोरा उरला. पुढे नवीन बांधलं ते त्याच्या शेजारी, १९६२ ला उघडलं, आणि जुनं तसंच ठेवलंय, डोक्यावर आकाश. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आत पाऊस पडत होता आणि एक बाई छत्री घेऊन बाकावर डबा खात होती.

या बॉम्बचा आणि सायकल रेसचा संबंध आहे, म्हणून सांगतोय, नाहीतर म्हणाल काका भरकटले.

फेब्रुवारी-मार्चातली गोष्ट असेल, रविवारी सकाळी चालत निघालो होतो आणि एका मैदानाच्या कडेला माणसं ओरडताना ऐकू आली. कुंपणाशी गेलो. आत एक लंबगोल ट्रॅक, लालसर खडीच्या चुऱ्याचा, त्याला ते लोक शेल म्हणतात, आपल्या मुरमाचा चुलतभाऊ. चार पोरं एका रेषेत सायकलवर उभी, समोर ताणलेली टेप. टेप सटकन वर गेली आणि चौघं असे सुटले की मला आधी वाटलं मारामारी सुरू झाली. पहिल्या वळणावर चौघं एकदम घुसले, खांद्याला खांदा, कोपर कोपरात, डावा पाय पायडलवरून काढून जमिनीला घासत, आणि लाल चुरा माझ्या तोंडावर आला. चाळीस सेकंदांत सगळं संपलं. मग दुसरे चार आले. मी तिथे तीन तास उभा होतो, बोटं बधिर झाली तरी.

याला सायकल स्पीडवे म्हणतात. नियम इतके सोपे की तुमच्या नोटिशीपेक्षा छोटे. चार जण, चार फेऱ्या, डावीकडे वळत. ट्रॅकची आतली रेषा ७० ते ९० मीटर, म्हणजे साधारण आपल्या क्लबहाऊसला एक चक्कर. सायकलला गिअर नाहीत आणि ब्रेक नाहीत. हो, ब्रेक नाहीत, कारण एकाने अचानक दाबला तर मागचे तिघं त्याच्यावर. पुढचं दातेरी चक्र छोटं, माझ्या सायकलला पुढे ३२ दाते मागे १८, म्हणजे वेग कमी पण सुटताना झटका जबरदस्त, पाय मिक्सरसारखे फिरतात. हँडल उंच आणि रुंद, म्हशीच्या शिंगांसारखं. पहिला आला त्याला ४ पॉइंट, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला २ आणि चौथ्याला १. शेवटच्यालाही एक. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिथे एक म्हातारा होता, म्हणजे तेव्हा मला म्हातारा वाटला, पन्नाशीचा असेल, आज मी त्याच्यापेक्षा चांगला पंधरा वर्षांनी मोठा आहे. त्याचं काम एकच, दर तीन-चार रेस झाल्या की लाकडी दाताळं घेऊन ट्रॅकमध्ये उतरायचं आणि वळणावर बाहेर फेकला गेलेला चुरा ओढून परत आत आणायचा. मग झारीने पाणी. कोणाशी बोलायचा नाही. तिसऱ्या रविवारी त्याने माझ्याकडे बघितलं आणि दुसरं दाताळं माझ्या हातात दिलं. बस. अशी माझी भरती झाली. फॉर्म नाही, डिपॉझिट नाही, दोन फोटो नाहीत.

हळूहळू बोलायला लागला तेव्हा त्याच्याकडून कळलं. तो त्या बॉम्बच्या रात्री आठ वर्षांचा होता, जिन्याखाली आईबरोबर. युद्ध संपलं तेव्हा तेराचा. गावभर पडक्या घरांच्या मोकळ्या जागा, विटांचे ढीग. शेजारच्या ब्रँडनला मोटारसायकल स्पीडवेचं स्टेडियम होतं, तिथे रात्री दिव्यांच्या उजेडात मोटारसायकली घसरवणारे हिरो, आणि या पोरांकडे मोटारसायकल कुठली, मग भंगारातून सायकलचे तुकडे गोळा केले, एकाची फ्रेम, दुसऱ्याचं चाक, आणि पडक्या जागेतल्या विटा हाताने उचलून बाजूला लावल्या. त्याच विटांची आतली कड. झाला ट्रॅक. लंडनमध्ये, बर्मिंगहॅममध्ये, जिथे जिथे बॉम्ब पडले तिथे तिथे पोरांनी हेच केलं, कोणी कोणाला न सांगता. गल्लीची टीम, गल्लीचं नाव, आईने शिवलेले रंगीत बिब. १९५० च्या आसपास तर सगळ्या देशात शेकड्यांनी असल्या टीम होत्या म्हणे.

मी त्याला विचारलं, मोठी माणसं ओरडायची नाहीत का? तो म्हणाला, मोठी माणसं दमलेली होती.

मग काय झालं तर गाव परत बांधायला घेतलं. रिकाम्या जागांवर घरं आली, दुकानं आली, पार्किंग आलं. ट्रॅक एकेक करून गेले. आणि अठरा वर्षं पूर्ण झाली की सक्तीची लष्करी नोकरी, ती १९६० पर्यंत चालू होती, त्यामुळे टीममधली पोरं ऐन भरात असताना निघून जायची. बरेच क्लब त्यात संपले. जे उरले ते असल्या एखाद्या मैदानाच्या कडेला, दाताळंवाल्या माणसांमुळे.

आता माझी पहिली रेस. उधारीची सायकल, उधारीचं हेल्मेट, बुटाच्या आत दोन मोजे. टेपपासून पुढचं चाक चार बोटांवर. स्टार्टर मागे कुठेतरी, तो दिसत नाही, फक्त टेप बघायची. उजवं पायडल वर, सगळं अंग त्याच्यावर तोललेलं, दात आवळलेले, आणि त्या क्षणी मला वाटलं लघवीला जायला पाहिजे होतं. टेप उडाली. मी सुटलो पण छान सुटलो, स्लो सायकलवाल्याचा बॅलन्स असतो ना, डगमगलो नाही, पहिल्या वळणाला चक्क दुसरा होतो. आणि तिथे मी हिरोगिरी केली. चिंचवडच्या मैदानात करायचो तसं मागचं चाक बाहेर फेकलं, घसरवलं, धूळ उडवली, मला वाटलं काय दिसत असेन. दोघं आतून शांतपणे निघून गेले. मी शेवटचा.

म्हाताऱ्याने नंतर एवढंच सांगितलं, घसरवणं दिसायला छान असतं, पण घसरलास की वेग गेला. मोटारसायकलला इंजिन आहे, ती घसरून परत खेचते, तुला काय आहे? वरणभात. (वरणभात तो म्हणाला नाही, तो बटाटे म्हणाला, पण अर्थ तोच.) चाक चिकटलेलं ठेवायचं, वजन बाहेरच्या म्हणजे उजव्या पायावर, तो खाली, डावा पाय नुसता जमिनीवरून तरंगता, पडायला लागलास तर टेकू. घसरवायचं ते फक्त समोरचा पडला आणि त्याच्यावर जायचं नसेल तेव्हा. हे शिकायला मला पूर्ण उन्हाळा लागला आणि एक कॉलर बोन.

कॉलर बोन मे महिन्यात गेलं. वळणावर आतल्याचं हँडल माझ्या हँडलात अडकलं, दोघं गेलो, तो माझ्यावर. आवाज आला, सुकी काटकी मोडते तसा. हॉस्पिटलात हात गळ्यात बांधला आणि सहा आठवडे सांगितले. पडल्याचं काही वाटलं नाही, खरी भीती दोन गोष्टींची, कारखान्यात काय सांगायचं आणि घरी काय लिहायचं. कारखान्यात सुपरवायझरने हात बघितला, विचारलं कसं झालं, मी खरं सांगितलं, तो म्हणाला माझा मेहुणा पण खेळतो, आणि मला सहा आठवडे ड्रॉइंग तपासायला बसवलं. घरी मात्र निळ्या एरोग्रामवर डाव्या हाताने लिहिलं की ऑफिसच्या जिन्यावर पाय घसरला. अण्णांचं उत्तर आलं, "अक्षर सुधारले आहे." आजतागायत मला कळलेलं नाही की तो टोमणा होता की काय.

तर पडणं म्हणजे काय हे मी बघितलेलं आहे, हे नोंद करून घ्या. सी विंगमधल्या ज्या मुलाचं कोपर सोललं आणि ज्यावरून ही नोटीस निघाली, त्याच्या आईची काळजी मला हास्यास्पद वाटत नाही. मी स्वतः त्याला नळाखाली धुतलं, डेटॉल लावलं. पण तो रडत कशासाठी होता ते ऐकलंत का कोणी? तो पडला म्हणून रडत नव्हता, त्याची फेरी मोजली नाही म्हणून रडत होता.

आणि इथे मला त्या एका पॉइंटची गोष्ट सांगायचीय. ऑगस्टमध्ये लेस्टरला गेलो होतो, दुसऱ्या फळीच्या टीमची मॅच, एका व्हॅनमध्ये नऊ जण आणि अकरा सायकली. लेस्टर म्हणजे माझ्यासाठी सण, कारण तिथे बेलग्रेव्ह रोडवर युगांडातून आलेल्या गुजराती लोकांची दुकानं, मॅचनंतर ढोकळा नि जिलबी खायची असं मी सगळ्यांना कबूल केलं होतं. माझी तिसरी हीट, म्हणजे तिसरी रेस. तिसऱ्या फेरीत मी पडलो, माझा मीच, कोणाचा धक्का नाही, काही नाही, पुढचं चाक खड्ड्यात गेलं. उठेपर्यंत बाकीचे अर्धी फेरी पुढे. हँडल वाकडं झालं होतं, चाक एकीकडे हँडल दुसरीकडे. मी बाजूला व्हायला लागलो. आपल्याकडची सवय, हरलं की बाजूला व्हायचं, लोकांचा वेळ घ्यायचा नाही. तेवढ्यात आमच्या बाजूने सगळे ओरडायला लागले, राइड, राइड. म्हातारा व्हॅनच्या पायरीवर उभा राहून एक बोट दाखवत होता. एक. एक पॉइंट. रेषा ओलांडली तर एक, नाहीतर शून्य.

मी पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरलं, हँडल फिरवून सरळ केलं, तेही पूर्ण सरळ नाही, आणि बसलो. बाकीच्या तिघांच्या चार फेऱ्या संपल्या होत्या. ट्रॅकवर मी एकटा, दीड फेरी बाकी, वाकडं हँडल, एक बूट सुटलेला, गुडघ्यातून रक्त मोज्यात उतरतंय, आणि समोरच्या टीमचे लोक पण टाळ्या वाजवतायत, ज्यांच्या विरुद्ध आम्ही खेळत होतो ते. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही आणि इतकं बरं पण वाटलं नाही. रेषा ओलांडली, एक पॉइंट लागला, पाटीवर लिहिला गेला. मॅच आम्ही चौदा पॉइंटनी हरलो. जिलबी गार होती.

आपल्याकडे पोरांच्या कुठल्या स्पर्धेत शेवटच्याला एक पॉइंट मिळतो मला सांगा. मला आठवत नाही. असो.

१९८५ च्या सुरुवातीला परत आलो. सायकल आणता आली नाही, मागचं फ्रीव्हील तेवढं पेटीत टाकून आणलं होतं, कस्टमवाल्याने हातात घेऊन फिरवून बघितलं, कर्रकर्र आवाज ऐकला आणि हसून परत दिलं. आल्या आल्या नोकरी, लग्न, शिफ्टा, दोन मुली, हे घर. कधी कोणाला सांगितलं नाही कारण सांगायचं काय, आपल्याकडे हा खेळच नाही. तिकडे तो अजून आहे. कॉव्हेंट्रीत आहे, लेस्टरला आहे, इप्सविचला आहे, पोलंडमध्ये आहे, ऑस्ट्रेलियात ॲडलेडला आहे. ब्रिटिश सायकलिंग संघटनेच्या यादीत तो अधिकृत प्रकार आहे. आणि गंमत बघा, ब्रँडनचं ते मोठं मोटारसायकलचं स्टेडियम, १९२८ पासूनचं, हजारो माणसं बसायची, ते २०१६ च्या सीझननंतर बंद पडलं. ज्याची नक्कल करायला पोरांनी विटा उचलल्या होत्या ते गेलं, आणि नक्कल राहिली.

आता मागच्या जागेकडे या.

या जानेवारीत पुणे ग्रँड टूर झाली, परदेशातले सायकलपटू आले, रस्ते आरशासारखे झाले, आपल्या सोसायटीतली अर्धी पोरं बापाच्या खांद्यावर बसून बघून आली. त्याच आठवड्यात मागच्या जागेत गोल फेऱ्या सुरू झाल्या. मी गॅलरीतून रोज बघतो. जनरेटरच्या खोलीपासून आंब्यापर्यंत सरळ, आंब्याला वळण, कंपाउंडच्या भिंतीने परत. कोणी शिकवलं नाही. आतली कड त्यांनी कशाने आखलीय बघितलंत का? आपल्या कंपाउंडच्या कामातल्या उरलेल्या विटांनी. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा चहा कपातच राहिला. इथे कुठे बॉम्ब पडलेला नाही साहेब, तरी पोरांनी विटाच लावल्या.

बालेवाडीला व्हेलोड्रोम, म्हणजे सायकल रेसचा पक्का ट्रॅक, आहे हे मला माहीत आहे, १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांच्या वेळेपासून ते क्रीडासंकुल आहे. पण नऊ वर्षांच्या मुलाने सायकल घेऊन हायवे ओलांडून बालेवाडीला जायचं का? त्याला आंब्यापर्यंत जाता आलं पाहिजे, आई गॅलरीतून हाक मारेल एवढ्या अंतरावर.

जागा मी टेपने मोजली. ४५ मीटर लांब, २४ रुंद, आंबा धरून. हिशोब केलाय: १८ मीटरच्या दोन सरळ बाजू, टोकांना ५.४ मीटर त्रिज्येची अर्धवर्तुळं, आतली रेषा बरोबर ७० मीटरच्या आसपास येते. सरळ भागात ५ मीटर रुंदी आणि वळणावर ६ धरली तरी सगळं ४१ बाय २१ मध्ये बसतं. म्हणजे पोरांनी डोळ्याने जो गोल आखलाय तो मापात आहे. आंबा बाहेर राहतो. (आंब्याच्या बुंध्याला जुन्या गाद्या बांधायच्या, माझ्याकडे दोन आहेत.)

आता तुमचे आक्षेप. सभेत जे कुजबुजलं गेलं ते सगळं मी ऐकलंय, ड्रेनेजवाल्या माणसाचे कान चांगले असतात.

धूळ होते. होते. उन्हाळ्यात संध्याकाळी टँकरचं नको, गार्डनला जे एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध केलेलं, पाणी जातं त्यातलं दोन झाऱ्या मारल्या की बसते. दाताळं मी ओढीन. चिखल होतो, तर पावसात खेळू नये, एवढी अक्कल पोरांना आहे, आपल्यापेक्षा जास्त.

आवाज होतो. हो, सहा ते सात. त्या वेळेला तुमच्याकडे टीव्हीवर सूनबाई ओरडत असते, तो पण आवाजच.

कोणी पडलं तर जबाबदार कोण, हा खरा प्रश्न आहे आणि मी तो टाळणार नाही. हेल्मेट नाही त्याला आत प्रवेश नाही. मी सांगतोय तो खेळ ब्रेक काढून खेळतात, पण आपल्या पोरांच्या सायकलचे ब्रेक काढायचे नाहीत, उलट मीच आठवड्याला तपासीन, रबर झिजलंय का, वायर ढिली आहे का. पायात बूट, चप्पल चालणार नाही. एका वेळी चार, पाचवा नाही. लहान वेगळे, मोठे वेगळे. आईबापांची सही मी घेईन, मसुदा डी विंगमधल्या वकील मॅडमनी करून दिलाय, फी घेतली नाही. आणि मुरमावर पडलं तर सोलतं, पेव्हर ब्लॉकवर पडलं तर फुटतं. हे ज्याला पटत नाही त्याने दोन्हीकडे पडून बघावं, मी दोन्हीकडे पडलोय.

पेव्हरचं कोटेशन नोटीस बोर्डवर लागलंय, आकडा मी इथे लिहीत नाही, सगळ्यांनी बघितलाय. त्यात २२ गाड्या जास्त लागतील म्हणता. लागतील. मग २०३० मध्ये अजून २२ लागतील त्या कुठे लावणार, टेरेसवर? शिवाय बोअरला एप्रिलमध्ये पाणी जातं त्यावर दरवर्षी रडता, आणि पाऊस मुरायची उरलेली एकच उघडी जागा त्यावर ब्लॉक बसवता. हा मुद्दा माझा नाही, पाणी समितीचा आहे, पण ते सभेला आले नव्हते.

मला कमिटीकडून पैसे नकोत. एक वर्ष द्या. पुढच्या वार्षिक सभेपर्यंत ब्लॉकचं काम थांबवा, नोटीस काढा, आणि त्या जागी दुसरी लावा, संध्याकाळी सहा ते सात सायकल, बाकी वेळ बंद. वर्षाने नाही जमलं तर मीच ब्लॉकच्या बाजूने हात वर करीन, इतिवृत्तात लिहून घ्या.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी मागे आहे. रेषा आखायच्या फक्कीचं एक पोतं आणलंय, जिन्याखाली ठेवलंय, वॉचमनला वाटलं सिमेंट आहे, त्याला सांगितलंय. दोरी आणि खुंटी आहे. वर्तुळ आखायला एका टोकाला कोणीतरी खुंटी धरून उभं लागतं, माझे गुडघे आता बसू देत नाहीत, तर कमिटीतलं कोणीतरी एक या. पेन्सिलवाला पोरगा येणार आहे, त्याचं नाव मला कळलंय पण तुम्हाला सांगणार नाही. त्याने विचारलंय शेवटच्याला खरंच एक मिळतो का. मी हो म्हटलंय.

आपला,
बी विंगमधले ड्रेनेजवाले काका

ता.क. लाईन परत तुंबलीय.